पिकलेला धक्का

पडदा वर जातो तो समुद्रावर. पण निळाशार, गर्जणारा वगैरे समुद्र मनात आणू नका. हा आझोव्हचा समुद्र: मातकट, उथळ आणि आतल्या गाठीचा. ऑक्टोबरातली दुपार आहे. आभाळ इतकं खाली उतरलंय की मासळी धुरावण्याच्या भट्टीचं धुराडं त्याला टेकेल. किनाऱ्यावरून दोन धक्के पाण्यात गेले आहेत, कुणाला कवेत घ्यायला हात पसरावेत तसे. उजवा हात गोरागोमटा, गुळगुळीत. डावा बारीक बारीक भेगांचा, अंगभर पांढरे ओघळ सुकलेला. त्याच्या तोंडाशी साखळी आणि साखळीला पत्र्याची पाटी, 'पुढे जाऊ नये'. आणि या दोन हातांच्या मधोमध, किनाऱ्यालगतच्या अंगणात, लाकडी पिंपाशेजारी एक बाई बसली आहे. मांडीवर कलिंगड आहे, आणि ती त्याला बोटांच्या पेरांनी ठोकते आहे.

ही पारास्केवा. पन्नाशीला टेकलेली, रुंद खांद्यांची. माहेर ग्रीक, आडनाव ग्रीक, शिव्या मात्र युक्रेनी. आवाज असा की हाक मारली की पलीकडच्या लव्हाळ्यातली बदकं उडावीत. हातांची नखं तेवढी वेडीवाकडी, खरबरीत. ती का, ते पुढे कळेलच.

बिला-कोसा गावात शरद ऋतू म्हणजे कलिंगडं खारवण्याचे दिवस. लहान, घट्ट फळं पिंपात जायची आणि मोठी खाण्यासाठी राहायची. कोणतं कुठलं, ते कानानं ठरायचं. ठोकल्यावर 'ठण्' वाजलं तर कच्चं. 'ढब्' असं खोल, भरदार वाजलं तर पिकलेलं. गावातल्या पोरांना हे आधी यायचं, बाराखडी नंतर.

मांडीवरचं कलिंगड पारास्केवानं नवऱ्यासाठी राखून ठेवलं होतं. नवरा खारलाम्पी, तिचा लाम्पी, पहाटेच बोट घेऊन गेला होता, हंगामातली शेवटची हम्सा मासळी आणायला. तो आला की कापायचं, असा बेत. पण वारा मघापासून फिरला होता, जीव थाऱ्यावर नव्हता, आणि हाताला काही तरी काम हवं होतं. तिनं आणखी एकदा ठोकलं. ढब्! इतका सुंदर आवाज की ऐकत राहावा. तिनं सुरी घातली.

फळ दोन्हीकडे उघडलं आणि आतून रिकामं निघालं. गर फाटून तीन बाजूंना गेलेला, मधे मूठ जाईल एवढी पोकळी, आणि कडेचा गर पिठासारखा.

"मेल्या!" पारास्केवा कलिंगडाला म्हणाली.

"काय गं, पोकळ निघालं?" कुंपणापलीकडून मोत्रोना बोलली. ही शेजारीण. लाल शाल, तीक्ष्ण नाक, आणि कुणाचं काही बिघडलं की हजर. "मी ऐकत होते की. केवढं कौतुकानं वाजवत होतीस! तुझ्या हाताचा गुणच तो. तुझा हात लागला की वस्तू एक तर रडते, नाही तर फाटते."

"तुझं कुंपण फाटलंय, ते बघ आधी."

"कुंपण राहू दे. वारा बघितलास का?"

पारास्केवानं बघितला होता. खारलाम्पीच्या बोटीवर मोत्रोनाचा एकुलता एक मुलगा यूखीमही होता.

हे रडण्याचं काय, ते सांगायला हवं. वीस वर्षांपूर्वी कोल्खोझनं, म्हणजे गावच्या सामुदायिक संस्थेनं, हे दोन धक्के बांधायला काढले. बायकांच्या दोन टोळ्या केल्या. मोत्रोनाच्या टोळीला उजवा धक्का मिळाला, पारास्केवाच्या टोळीला डावा. उजवा पुरा झाला आणि सिमेंट संपलं. सगळ्या देशातच तेव्हा सिमेंटची मारामार. मग पोलादाच्या शहरातून लोखंड गाळताना उरणारी भट्टीची मळी आली, दळून बारीक केलेली, आणि रसायनांच्या कारखान्यातून पिंपं भरून सोड्याचं पाणी. "हे एकत्र कालवा, त्यात वाळू-खडी घाला," असं सांगणारा एक चष्मेवाला तरुण कीवहून आला आणि दाखवून परत गेला. ते पाणी हातमोजे खायचं, मग नखं खायचं. वाफ डोळ्यांत जायची. अख्खी टोळी दिवसभर डोळे पुसत कालवायची, आणि उजव्या धक्क्यावर बसून सूर्यफुलाच्या बिया खाणाऱ्या मोत्रोनाच्या टोळीनं त्यांना नाव ठेवलं: रडूबाया.

पुढे धक्काही रडायला लागला. पहिल्याच वर्षी त्याच्या अंगातून पांढरं मीठ पाझरलं, मग बारीक भेगांचं जाळं पडलं, आणि ते नाव बायकांवरून उतरून धक्क्याला चिकटलं. गंमत अशी, की त्याला नावं ठेवणाऱ्या बायकाच सांजसकाळ तिथं जाऊन ते पांढरं खरवडून आणायच्या. चादरी त्यानं चांगल्या स्वच्छ निघायच्या. पण बोटी मात्र उजव्या धक्क्याला लागायच्या. पाच वर्षांपूर्वी तालुक्याचा कुणी तपासनीस आला, त्यानं ओघळ पाहिले, मान हलवली आणि साखळी लावून गेला. येत्या वसंतात डावा धक्का सुरुंग लावून पाडायचा, असं ठरलं होतं. पारास्केवाला वाईट वाटलं होतं. पण तिलाही तो खराबच वाटायचा. रोज डोळ्यांसमोर रडणाऱ्या वस्तूवर कुणी किती विश्वास ठेवावा?

आणि उजवा? उजव्याचा तर थाट वेगळा. धक्क्याचा मुकादम डेमको, चाकासारख्या पोटाचा, मनानं चांगला माणूस. रोज संध्याकाळी तो उजव्या धक्क्यावरून चालायचा आणि मधेच टाच आपटायचा. "ऐका! ढब्! पिकलाय! सिमेंट जितकं जुनं तितकं पक्कं. सुरुवातीला कसा ठण् ठण् वाजायचा, आता बघा कसा मुरलाय!" लोक कौतुकानं माना डोलवायचे. कलिंगडाच्या गावात याहून मोठी शाबासकी कुठली?

तर तो वारा. नैर्ऋत्येचा. त्याला तिकडे 'खालचा वारा' म्हणतात, कारण तो सगळा समुद्र ढकलत वर आणतो. बघता बघता पाणी फुगलं. पारास्केवाच्या अंगणाच्या पायरीशी फेस आला. धुराड्याचा धूर जमिनीवर आडवा झाला. आणि मग मासळीखान्याच्या छपरावरून कुणीतरी ओरडलं, "चाइका! चाइका आली!"

चाइका म्हणजे त्यांची बोट. दोघी पळाल्या. पारास्केवाच्या हातात अजून सुरी होती; ती तिनं वाटेत पिंपावर टाकली.

उजव्या धक्क्याच्या टोकाला डेमको आधीच उभा होता, हातात लाल बावटा. जिथं बावटा तिथं बोटीनं लागायचं, हा कायदा. बाहेर लाटांमध्ये बोट दिसायची आणि नाहीशी व्हायची. इंजिन अधूनमधून खोकत होतं. दोन धक्क्यांच्या मधल्या पाण्यात ती एकदा शिरली की एकाच बाजूला वळायला मिळणार. चुकली तर मागे किनाऱ्याचे दगड, आणि त्या दगडांवर काय होतं ते बिला-कोसाच्या दफनभूमीत वाचायला मिळतं.

"दोर तयार ठेवा!" डेमको ओरडला. "खुंट्याला दोन वेढे! बायांनो, घाबरू नका." आणि धीर देण्यासाठी त्यानं नेहमीसारखी टाच आपटली. "ऐका! हा धक्का माझ्या नातवंडांची लग्नं बघेल!"

ढब्.

पारास्केवाच्या पायांना तो आवाज कानांच्या आधी कळला. आज तो आणखी खोल होता, आणखी भरदार. खाली लाट आदळली की पायाखालून दुसरा एक आवाज यायचा, त्याच्या मागोमाग, जरा उशिरा. वरची फरशी एकीकडे आणि खालचं अंग दुसरीकडे असल्यासारखा.

तिच्या डोळ्यांपुढे ते कलिंगड आलं. किती सुंदर वाजलं होतं.

ती गुडघ्यांवर बसली आणि पेरांनी काँक्रीट ठोकू लागली, एक हात इकडे, एक हात तिकडे. ढब्. ढब्. खुंट्याच्या भोवती तर नुसतं ढोलासारखं. एका चिरेतून पाणी वर येत होतं, आणि ते तपकिरी होतं.

"अगं, काय करतेस?" मोत्रोनानं तिचा खांदा धरला. "देवाला आळवायचं तर उभं राहून आळव."

"मोत्रोना, तुम्ही हे ओतलंत तेव्हा कसं वाजायचं?"

"आता? हे आता विचारतेस?"

"सांग ना गं!"

"तेव्हा कच्चं होतं. ठण् वाजायचं. मग पिकलं."

"आणि आमचं?"

"तुमचं?" अशा वेळीही मोत्रोनाला राहवेना. "तुमचं काय पिकतंय? ते अजून तसंच ठण् वाजतं. वीस वर्षं झाली, कच्चं ते कच्चंच."

पारास्केवा उठली. तिला काही शास्त्र येत नव्हतं. काँक्रीट आतून कसं असतं, ते तिनं कधी पाहिलं नव्हतं. तिच्या डोक्यात एवढंच होतं की एक वस्तू वीस वर्षांत बदलली आणि दुसरी बदलली नाही; आणि फळाला पिकायचं असतं, दगडाला कशाला पिकायचंय? हे बरोबर की चूक, विचारायला कोणी नव्हतं. चूक असेल तर लाम्पी गेला. बरोबर असून गप्प राहिली, तरी लाम्पी गेला.

"डेमको, बावटा दे."

"काय?"

"त्यांना डावीकडे घेऊ. हा धक्का पोकळ आहे."

डेमको तिच्याकडे बघतच राहिला. "डोकं फिरलं का तुझं? हा पोकळ? आणि ती रडूबाई भरीव? तिच्यावर पाटी आहे, पाटी! वाचता येतं ना?"

"आवाज ऐक ना! आत फाटलेलं आहे, म्हणून असा वाजतो."

"पिकलाय म्हणून असा वाजतो! पारास्केवा, माझ्या हाताखाली या धक्क्यावर कधी कुणाचा केस वाकडा झाला नाही. बाजूला हो. तुझा नवरा आहे, म्हणून बोलत नाही तुला. बाजूला हो."

तिनं बावट्याची काठी धरली. त्यानं हिसडा दिला. तो पुरुष, आणि बावटा त्याच्या हक्काचा. ती मागे पडली, सावरली, आणि वळून किनाऱ्याकडे धावत सुटली. ओला घागरा पायांत येत होता. मागे बायका ओरडत होत्या, कुणी तिला थांबवायला, कुणी नुसतंच.

डाव्या धक्क्याच्या साखळीपाशी ती थांबली, कारण तिथं मोत्रोना पोचली होती. कशी कोण जाणे, पण तिच्या आधी पोचली होती, आणि साखळीपुढे हात पसरून उभी होती.

"नाही जाऊ देणार."

"सरक, मोत्रोना!"

"माझा एकच आहे. तुझ्या हट्टापायी त्याला या मोडक्या धक्क्यावर बोलावणार तू? वीस वर्षं आम्ही हसलो, म्हणून? आज सूड घ्यायचा आहे का तुला?"

पारास्केवानं साखळीवरून पाय टाकला आणि पलीकडे, डाव्या धक्क्याच्या पहिल्या गाळ्यावर, जिवाच्या आकांतानं टाच आपटली. ठण्. हाडांपर्यंत गेली ती कळ. मोत्रोनानं तो आवाज ऐकला. मग ती किनाऱ्यावर उभी राहून उजव्या धक्क्याकडे बघू लागली, तिच्या टोळीच्या, तिच्या तरुणपणाच्या, तिनं स्वतः थापी फिरवून गुळगुळीत केलेल्या धक्क्याकडे.

"पारास्या," ती म्हणाली. हे लाडाचं नाव तिनं किती वर्षांनी उच्चारलं होतं, ते देव जाणे. "तुला पक्कं माहीत आहे?"

बाहेर बोट एका लाटेच्या पोटात गेली आणि वर यायला उशीर लागला.

पारास्केवाला माहीत नव्हतं. काहीही पक्कं माहीत नव्हतं.

"हो," ती म्हणाली.

मोत्रोनानं अंगावरची लाल शाल ओढून काढली. दोघी त्या मनाई केलेल्या धक्क्यावर धावल्या, वाकून, एकमेकींना धरून, पांढऱ्या ओघळांवरून पाय घसरत. टोकाला पोचल्यावर मोत्रोनानं शाल दोन्ही हातांत धरून डोक्यावर फडकवली. वाऱ्यानं ती आडवी ताणली; लाल, मोठी, बावट्याहून मोठी.

आता समुद्रातून दोन लाल खुणा दिसत होत्या. एक उजवीकडे, एक डावीकडे.

बोट मधल्या पाण्याच्या तोंडाशी आली आणि घोटाळली. सुकाणूवर खारलाम्पी होता. त्याची टोपी दिसत होती. नाक एकदा इकडे, एकदा तिकडे. पारास्केवा ओरडत होती, "लाम्पी! इकडे! इकडे रे!" आयुष्यात पहिल्यांदा तिचा तो आवाज निकामी ठरला. वारा समोरून येत होता. शब्द तोंडातून निघायचे आणि तिच्याच गळ्यात परत जायचे. बोट आडवी व्हायला लागली. आडवी झाली की संपलं.

"उतरवू का शाल?" मोत्रोना किंचाळली. "दोघांना बघून तो गोंधळलाय! उतरवू का?"

पारास्केवानं मोत्रोनाच्या हातांवर आपले हात ठेवले आणि शाल आणखी वर केली.

आणि तेव्हा उजवीकडचा बावटा नाहीसा झाला.

डेमको रागानं लालबुंद होऊन पळत सुटला होता. बावटा काखेत, पोट पुढे, किनाऱ्याकडे, या दोन वेड्या बायांच्या हातून ती शाल हिसकून घ्यायला. त्याच्या मागोमाग टोकावरच्या बायकाही निघाल्या. मुकादम जागा सोडतो, म्हणजे काहीतरी असणार. समुद्रातून आता एकच लाल खूण दिसत होती. बोटीचं नाक डावीकडे वळलं.

पुढचं सगळं फार लवकर झालं, आणि फार हळूही. बोट धक्क्याच्या अंगाला घासली. कोवळ्या मिशांचा यूखीम, सगळा भिजलेला, बोटीच्या पुढच्या टोकावर उभा. त्यानं दोर फेकला. पहिला पाण्यात पडला. दुसरा पारास्केवाच्या छातीवर आदळला. तिनं तो काँक्रीटमध्ये रुतवलेल्या लोखंडी कडीतून ओवला. ही कडी तिच्या टोळीनंच ओल्या मालात बसवली होती आणि पाच वर्षं तिला कुणी हात लावला नव्हता. वेढा घातला. लाट परत फिरली. अख्ख्या बोटीचा भार त्या दोरावर आला आणि दोर तंबोऱ्याच्या तारेसारखा ताणला.

पारास्केवा कडीकडे बघत होती. आता कडीभोवती चीर पडेल, माल निघेल, खालचा गाळा वाकेल. लहान भेगांच्या जाळ्यावर तिची नजर खिळली होती. त्यातली एखादी रुंदावते का, एवढंच ती बघत होती. धक्का हादरला. भेगा होत्या तेवढ्याच राहिल्या. कडी जागची हलली नाही.

मग तो आवाज आला. पण तिच्या पायाखालून नाही, मागून, पाण्याच्या पलीकडून. झाड मोडताना येतो तसा आधी कडकड, मग एक लांब धप्प. दोघी वळल्या. उजव्या धक्क्याचा टोकाचा गाळा, खुंट्यासकट, समुद्रात जात होता. वरची फरशी सालीसारखी सुटून घसरली, आणि मोडलेल्या तोंडातून सळ्या बाहेर आल्या: तांबड्या, फुगलेल्या, कुठे कुठे दाभणासारख्या बारीक झालेल्या. खाली कुणी नव्हतं. वरही नव्हतं. डेमको साखळीपाशी उभा होता, बावटा अजून काखेतच.

यूखीम वर चढला आणि आईनं त्याला आधी एक चपराक दिली, मग मिठी मारली. शेवटी खारलाम्पी आला. गुडघ्यांवर, हातांवर, खोकत. बायकोला बघून तो म्हणाला, "दोन दोन बावटे कसले दाखवता गं? मला वाटलं, गावात निवडणूक लागली."

पारास्केवाला हसायचं होतं. पण ती तिथंच ओल्या धक्क्यावर बसली. तिच्या गालांवरून जे वाहत होतं ते समुद्राचं की तिचं, ते विचारायची कुणाची हिंमत झाली नाही.

पुढे कीवहून माणसं आली. त्यातला एक इंजिनिअर पिकल्या केसांचा, जाड चष्म्याचा. हाच तो तरुण, वीस वर्षांपूर्वी कालवणं शिकवून गेलेला. त्याला ती रडूबायांची टोळी आठवत होती. तो पारास्केवाला "पारास्केवा कोन्स्तांतिनोव्हना" असं पुऱ्या नावानं हाक मारायचा आणि ती दर वेळी मागे वळून बघायची, कोण आलंय म्हणून.

त्यांनी दोन्ही धक्क्यांतून यंत्रानं काकडीसारखे लांब गोल तुकडे कापून काढले. डाव्याची काकडी फोडली तर आतून हिरवी-निळी. बायकांनी तोंडावर हात घेतले. "अगंबाई! आत शेवाळ!" इंजिनिअर हसला. तो मळीचा आतला रंग, म्हणाला, आणि निरोगीपणाचा; हवा लागली की जाईल. खरंच, संध्याकाळपर्यंत तो तुकडा करडा पडला. मग त्यानं सगळ्यांना समजेल असं सांगितलं. साध्या सिमेंटमधून समुद्राचं मीठ वर्षानुवर्षं आत झिरपत गेलं आणि सळ्यांपर्यंत पोचलं. लोखंड गंजलं की फुगतं, त्याला जास्त जागा लागते, आणि ते वरचा थर आतून उचकटून टाकतं. बाहेरून गुळगुळीत, आतून सुटलेलं. म्हणून तो 'पिकलेला' आवाज. डाव्यातल्या वाटा मात्र इतक्या बारीक निघाल्या, की मीठ बोटभरसुद्धा आत शिरलं नव्हतं. सळ्या बसवल्या त्या दिवशीसारख्या काळ्या. भेगा फक्त कातडीच्या. आणि ते पांढरे अश्रू म्हणजे उरलासुरला सोडा, दुसरं काही नाही.

"म्हणजे आमचं काम वाईट होतं," मोत्रोना ताठ मानेनं म्हणाली. पण आवाज चिरकला.

"नाही, मोत्रोना साव्हिच्ना," इंजिनिअर म्हणाला. "तुमच्या सळ्या पृष्ठभागाच्या फार जवळ बसवायला लावल्या. घाई वरून होती, तुमची नव्हती. आणि तुम्ही सगळ्यांनीही लगेच डाव्याची आरती ओवाळू नका. तो इथल्या दमट हवेत सावकाश घट्ट झाला, म्हणून असा निघाला. कोरड्या, तापत्या माळावर हाच माल खोलवर तडकलेला मी पाहिला आहे. एका धक्क्यावरून जगाचा निकाल लावता येत नाही."

असं बोलणारा शहाणा माणूस गावाला आवडला. त्याला भरपूर मासे खिलवले. सुरुंगाचा बेत रद्द झाला, साखळी निघाली, पत्र्याची पाटी डेमकोनं घरी नेली आणि कोंबड्यांच्या खुराड्याला दार म्हणून बसवली. नवा उजवा धक्का झाला तेव्हा त्यानं स्वतः मळी आणि सोड्याच्या पाण्यासाठी शहरात खेटे घातले. टाच आपटायची सवय मात्र सुटली नाही. फक्त आता तो "ऐका! कच्चा आहे!" असं अभिमानानं ओरडायचा. बिला-कोसात तेव्हापासून 'कच्चा' ही स्तुती झाली. मुलगी बघायला आलेल्या मुलाबद्दल म्हातारे हळूच म्हणायचे, "पोरगा कच्चा आहे, टिकेल." बाहेरगावचे पाहुणे रागावायचे.

खारलाम्पी त्यानंतर बरीच वर्षं जगला आणि आपल्या बिछान्यात मेला. मासेमारी करणाऱ्याला याहून मोठं भाग्य नाही. तोवर देश बदलला होता, कोल्खोझ मोडला होता, चाइका भंगारात गेली होती. यूखीमला नातवंडं झाली. डेमको गेला. राहिल्या त्या दोघी, कुंपणाच्या अलीकडे एक, पलीकडे एक. आणि भांडायला विषय कमी पडू लागला तेव्हा त्यांनी कुंपणच काढून टाकलं.

शेवटच्या हिवाळ्यात पारास्केवाची छाती भरली. मोत्रोना रोज माशांचा रस्सा घेऊन यायची, स्वतःच्या हातानं भरवायची आणि भरवताना बोलायचीही. "तोंड उघड. एवढी मोठ्या आवाजाची बाई, आणि चमच्याला घाबरते." पारास्केवाचा आवाज आता उरला नव्हता. ती डोळ्यांनी उत्तर द्यायची.

एका दुपारी मोत्रोनानं वाटी खाली ठेवली. कितीतरी वर्षं मनात असलेलं तिनं विचारलं.

"पारास्या, खरं सांग. त्या दिवशी साखळीपाशी मी विचारलं, पक्कं माहीत आहे का. तू हो म्हणालीस. माहीत होतं का गं?"

पारास्केवानं डोळे मिटून घेतले. मोत्रोनाला वाटलं, झोप लागली. तिनं रजई सारखी केली. तेव्हा पारास्केवानं तिचा हात धरला, आणि त्या वेड्यावाकड्या नखांच्या हातात अजून जोर होता.

"नव्हतं गं," ती कशीबशी कुजबुजली. "एकटी असते तर परत फिरले असते. तू शाल काढलीस, मग लाज वाटली परत फिरायची."